मंदाआत्या आणि इटालियन हाटेलं

मंदाआत्या तलवाड्याहून संभाजीनगरला आली, की बसमधून उतरल्या उतरल्या तिचा प्रश्न ठरलेला असे, "बाबू, नवं इटालियन हाटेल कोनतं निघालंय?" डोक्यावर पदर, हातात वांग्यांची पिशवी आणि तोंडात हे. पहिल्या वेळी माझी बायको हसत म्हणाली, "आत्या, पास्ता फारच आवडलेला दिसतोय तुम्हाला."

"आवडायला काय हाय त्यात? चिखलात पडलेल्या शेवया!" आत्या म्हणाली. आणि तरी संध्याकाळी ठेवणीतली साडी नेसून आमच्या आधी तीच दारात उभी.

आत्याला जाऊन आता वर्ष होत आलं. लोक तिला खुनशी म्हणत. होतीच ती खुनशी. पण तो खुनशीपणा आला कुठून, हे फार थोड्यांना माहीत होतं.

तिचा नवरा दिनकरराव इथल्या एका कारखान्यात इंजिनियर. कंपनीनं त्यांना काही महिने इटलीला धाडलं आणि ते तिकडची चव जिभेला लावूनच परत आले. एकदा साहेबलोक आणि त्यांच्या बायकांबरोबर ते आत्याला अशाच एका हॉटेलात घेऊन गेले. काटा तिच्या हातातून निसटला, सगळं पदरावर सांडलं. मग ती सरळ हातानं जेवू लागली. दिनकरराव टेबलाकडे बघून म्हणाले, "गावाकडून आणलंय. अजून माणसाळलं नाही." सगळे हसले. आत्या सांगायची, "एकटा वेटर तेवढा हसला न्हाई बग."

पुढं थोड्याच दिवसांत त्यांनी तिला माहेरी आणून सोडलं. फारकत नाही, काही नाही. शहरात दुसरी बायको केली. आत्यानं तेही गिळलं. भावाच्या रानात राबली, शेळ्या पाळल्या. पण एकदा गावातला एक जण नोकरीच्या कामानं दिनकररावांच्या घरी गेला आणि तोंड पाडून परत आला. भिंतीवर आत्याचा फोटो होता, फोटोला हार होता. पहिली बायको पान लागून, म्हणजे साप चावून वारली, असं ते सगळ्यांना सांगत.

आत्या तेव्हा ज्वारी पाखडत होती. सूप खाली ठेवून तिनं एवढंच विचारलं, "अजून त्येच इटालियन खातो का?"

"दर शनिवारी जातेत म्हनं, सगळं घर घेऊन."

तेव्हापासून आत्या शनिवारीच शहरात येऊ लागली.

मी म्हणालो, "आत्या, पत्ता आहे आपल्याकडे. सरळ घरीच जाऊ."

"घरी कावून? दार लावून पाया पडंल त्यो. मला दार लावलेलं नको. त्यानं चारचौघांत मारलंय मला, मी चारचौघांतच जित्ती व्हनार."

मग मी मोबाईलवर हॉटेलं धुंडाळायचो आणि तिला तारे वाचून दाखवायचो. "तारे ऱ्हाऊ दे. बाहीर गाड्या कशा उभ्या असत्यात ते सांग. फालतू जागी त्यो पाय ठेवनार न्हाई." एका ठिकाणी पिझ्झाचा एक घास घेऊन तिनं तुकडा ताटात टाकला. "गार पडलेली भाकर बरी. इथं येनार न्हाई त्यो. ऊठ." गेवराईच्या बाजारातून तिनं काटा आणला होता. घरी शेवया करून त्यांच्यावर ती हात बसवायची. म्हणायची, "त्या दिशी हात थरथरला न्हाई पायजे."

आणि एका शनिवारी दिनकरराव दिसले. शहराच्या नव्या भागातलं हॉटेल. लसणाचा आणि लोण्याचा वास, मंद दिवे. लांब टेबलाशी ते, त्यांची बायको, मेहुणे आणि कंपनीतली दोन जोडपी बसली होती. आत्यानं आधी आपल्या ताटातलं शांतपणे संपवलं, सगळं काट्यानं. तोंड पुसलं. मग उठून ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"ओळखलं का?"

"कोण आपण?" दिनकररावांचा चेहरा पांढरा पडला होता.

"तलवाड्याची मंदा. जिला पान लागून मेली म्हनून सांगता, ती."

कुणाच्याही हाताचा घास तोंडाकडे गेला नाही. दिनकरराव अर्धवट उठून पुटपुटले, "मंदा, बाहेर चल. बाहेर बोलू."

"बाहीर तर तुमीच काढलं व्हतं मला. आता आतच बोला."

त्यांची बायको आत्याकडे एकटक बघत होती. "दरवर्षी अविधवा नवमीला मी तुमच्या नावानं सवाष्ण जेवू घालते हो," ती म्हणाली.

आत्या तिच्याकडे वळली. आवाज जरासा खाली आला. "मग बाई, यंदा मलाच बोलव."

त्या बाईनं महिन्याच्या आत भावाचं घर गाठलं. कंपनीतल्या लोकांनी दिनकररावांच्या घरी येणं-जाणं सोडलं. आत्याला कुणी विचारलं, की ती म्हणे, "लई गोड लागलं त्या दिशीचं जेवन." तिचा आवाज जराही खोटा वाटत नसे.

पुढच्या उन्हाळ्यात मी तलवाड्याला गेलो होतो. भर दुपारी दिनकरराव अंगणात येऊन उभे राहिले. खंगलेले, एकटे, शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. "मंदा, चुकलो," म्हणाले. आत्या शेळीला पाला घालत होती. तिनं मानही वर केली नाही. ते बराच वेळ उभे राहिले. शेवटी कोरड्या तोंडानं म्हणाले, "निदान पाणी तरी दे."

आत्या पाला घालतच राहिली. ते वळले आणि पाय ओढत रस्त्याला लागले.

माझ्यानं राहवेना. मी म्हणालो, "आत्या, काहीही झालं तरी दारातल्या माणसाला पाणी तरी द्यावं गं."

"तू दे की," आत्या म्हणाली. "रांजन भरलेला हाय, तांब्या हाय. तुझं काय नेलं व्हतं त्यानं?"

मी तांब्या भरून घेतला. उंबऱ्यापर्यंत आलो. दिनकरराव अजून हाकेच्या अंतरावर होते. मी आत्याकडे बघितलं. मग तांब्या तसाच खाली ठेवला.