मृदंगवाल्याचं चित्र

माझा धाकटा भाऊ वेंकटरमण. त्याच्या तोंडून ‘गोत्तिल्ल’ हा शब्द मी उभ्या जन्मात ऐकला नव्हता. कन्नडमध्ये गोत्तिल्ल म्हणजे माहीत नाही. मैसूरमध्ये कुणालाही पत्ता विचारा, ठाऊक नसेल तर माणूस सरळ गोत्तिल्ल म्हणतो आणि आपल्या वाटेनं जातो. आमचा वेंकट मात्र हात लांब करून कुठली तरी दिशा दाखवणारच. उचलली जीभ, लावली टाळ्याला. विचारणारा भलतीकडे भटकून परत आला, तर वर त्यालाच विचारणार, “अहो, वळलात कुठं तुम्ही?”

आम्ही शिंपी. आजोबांच्याही आधीपासून इथलेच. वेंकटचा हात फार चांगला होता, पण लोक तयार कपडे घ्यायला लागले आणि शर्ट-पँट शिवून घेणारं गिऱ्हाईक आटलं. तेव्हा तो म्हणाला, “अक्का, माणसांना नको असेल तर नको. गाड्यांना अजून मापाचेच कपडे लागतात.” आणि हूटगळ्ळीच्या वळणावर त्यानं सीट कव्हरचं दुकान टाकलं. नवरा गेल्यापासून मी त्याच्याकडेच असते. तो रेक्झिन कापतो, मी कडेची पायपिंग शिवते आणि अधूनमधून त्याला टोमणे मारते. एकादशीला विठ्ठल मंदिरात भजनाला मृदंग त्याचाच. त्या एका बाबतीत मात्र मी त्याला कधी नावं ठेवली नाहीत. तो वाजवायला बसला की मला आमचे वडील दिसायचे.

विक्रांत आमच्या मंदिरात येणाऱ्या घरातलाच मुलगा, हूटगळ्ळीत कारखान्यात नोकरीला. त्यानं पहिलीच गाडी घेतली, कोरी करकरीत, आणि बायकोमुलीला घेऊन कव्हरं घालायला आला. बायको पवित्रा, माहेर पिरियापट्टणचं. मुलगी सिंचना, चार वर्षांची. दिवसभर काम चाललं. पुढची डावी सीट उचलताना खालची वायरची एक पिवळी पिन आडवी आली, ती वेंकटनं काढली आणि काम झाल्यावर परत खोचली. अशा पिना त्यानं आजवर कितीतरी काढल्या होत्या.

संध्याकाळी विक्रांतनं गाडी चालू केली. समोर ताटाएवढा पडदा उजळला, रेडिओ लागला. नवी गाडी, त्यामुळे प्रत्येक खूण त्याला नवलाची.

“मामा, हे एएफ म्हणजे काय हो?”

“एएफ? आकाशवाणी एफएम! तो शब्दच आपल्या मैसूरचा, नोडी, बघा की. गाडीवाल्यांना घ्यावाच लागला.”

“आणि टीए?”

“ताल. दाबून ठेव, गाणं नीट लागतं.”

मी आतून ओरडले, “अरे, तुला काय ठाऊक त्यातलं?” त्यानं ऐकलं नाही.

मग पवित्रा पुढं वाकली. “आणि हे लाल काय आलंय? हे सकाळी नव्हतं. माणूस बसलाय, आणि पुढ्यात गोल काहीतरी.”

वेंकटनं डोळे बारीक करून पाहिलं आणि त्याचा चेहरा फुलला. “अय्यो, कळत नाही तुला? मृदंग घेऊन बसलाय! भजनाचं स्टेशन लागलं की हा येतो. लाल म्हणजे चालू आहे.”

त्या वेळी रेडिओवर खरंच दासांचं एक भजन चाललं होतं. पवित्रा खळखळून हसली. “मामा, हे तर तुम्हीच!” मग सिंचनाला उचलून तिनं ते चित्र दाखवलं. “बघ गं, मृदंगअज्जा!” पोरीनं हात जोडले. मीही हसले. गोड पोर होती पवित्रा, मोठ्यांच्या पाया पडल्याशिवाय उंबरा ओलांडायची नाही.

त्यानंतर महिनाही झाला नसेल. पिरियापट्टणला जाताना आडरस्त्यावरून एक दुधाची व्हॅन सुसाट आली आणि गाडीच्या डाव्या दारावर आदळली. मागं बसलेल्या सिंचनाचा हात मोडला. विक्रांतला खरचटलं. डाव्या सीटवरची पवित्रा तिथंच गेली.

चूक व्हॅनवाल्याची होती. पोलिसांनीही तेच लिहिलं आणि त्यात खोटं काही नव्हतं. वेंकट लहान मुलासारखा रडला. तेराव्याला विक्रांतच्या घरी भजन झालं, त्यात मृदंग यानंच वाजवला. मला ते आता आठवलं की अंगावर काटा येतो.

पुढं काही आठवड्यांनी विजयनगरच्या अंबुजाबाई त्यांची नवी गाडी घेऊन आल्या. कॉलेजात शिकवून निवृत्त झालेल्या, आपली मराठीच बाई, पण बोलणं पुस्तकी. कव्हरं घालून झाली. त्यांनी गाडी चालू केली आणि पडद्यावर तोच लाल माणूस उमटला.

“हे काय झालं?” त्या म्हणाल्या.

वेंकट हात पुसत पुढं आला. “घाबरू नका. मृदंगवाला आहे तो. भजनाचं स्टेशन...”

अंबुजाबाईंना वाटलं, हा थट्टा करतोय. त्या हसल्या. “मृदंग कसला? ती एअरबॅग आहे. अपघातात सीटमधून पिशवी फुगून बाहेर येते ना, माणसाला वाचवणारी, ती. गाडी चालू करताना हे चित्र क्षणभर दिसतं आणि जातं. राहिलं, तर पिशवी उघडणार नाही असं समजायचं. सीटखालची पिवळी पिन काढली होती का तुम्ही?”

गुडघ्यावर बसून वेंकटनं सीटखाली हात घातला. नुसती खोचलेली ती पिन त्यानं दाबली, तेव्हा टिक असा आवाज आला. बाईंनी गाडी बंद करून पुन्हा चालू केली. लाल माणूस क्षणभर दिसला आणि गेला.

तो तसाच जमिनीवर बसून राहिला. मग त्यानं विचारलं, “आणि एएफ म्हणजे?” बाईंनी सांगितलं, स्टेशन खरखरायला लागलं तर तेच स्टेशन दुसऱ्या जागी शोधून देतं ते. टीए म्हणजे रस्त्यावरच्या रहदारीच्या बातम्या. तो मान हलवत होता. एकही उत्तर बरोबर नव्हतं. दोन चुकांनी कुणाचं काही बिघडलं नाही, तिसरीनं घर बसलं.

रात्री तो जेवला नाही. “अक्का, मला विक्रांतला सांगायला पाहिजे.”

मी भडकले. “कशाला? ती परत येणार आहे? पिशवी उघडली असती तरी वाचली असती असं कुणी छातीवर हात ठेवून सांगेल? कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली, एवढंच. त्या पोराचं दुःख आता कुठं खाली बसतंय, ते ढवळू नकोस. बिडु.” बिडु म्हणजे सोडून दे. मी हे मनापासून म्हटलं आणि आजही मला त्याची लाज वाटत नाही. माझा एकुलता एक भाऊ आहे तो.

“वाचली असती की नाही, ते मला ठाऊक नाही,” तो म्हणाला. “पण ते चित्र काय ते तरी मला कुठं ठाऊक होतं?”

दुसऱ्या दिवशी तो निघाला. त्याला एकट्याला सोडवेना, म्हणून मीही गेले.

दार सिंचनानंच उघडलं. प्लॅस्टर निघालं होतं, हात बारीक झाला होता. ती वळून आत ओरडली, “अप्पा, मृदंगअज्जा आले!”

विक्रांतनं आम्हाला बसवलं, पाणी दिलं. माणूस निम्मा झाला होता. वेंकट तोंड उघडणार तोच तो स्वतःहून बोलायला लागला. दुःखातल्या माणसाला ऐकणारं कुणी मिळालं की होतं तसं.

“मामा, तिला तुमचं ते चित्र फार आवडायचं. बातम्या लागल्या तरी तो उठायचा नाही, रेडिओ बंद केला तरी बसलेलाच. मी म्हटलं, हे काहीतरी वेगळं आहे, शोरूमला विचारून येऊ. तर म्हणाली, बसू दे हो, मामांना कोण उठवणार? रोज बसताना त्याला नमस्कार करायची. त्या दिवशीसुद्धा केला.”

मी डोळ्यांनी वेंकटला खुणावलं, आता नको. देवा विठ्ठला, आता तरी नको. पण आयुष्यभर जी जीभ नको तिथं चालली, ती त्या दिवशी थांबली असती तर तो माझा भाऊ कसला? त्यानं सगळं सांगितलं. पिन, चित्र, अंबुजाबाई. काही लपवलं नाही, स्वतःची बाजू मांडली नाही. सांगताना दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले होते.

विक्रांत ओरडला नाही. तो अंगावर धावून आला असता तर बरं झालं असतं असं मला वाटलं. त्यानं सिंचनाचा बारीक हात हातात घेतला. मग म्हणाला, “मामा, त्या दिवशी तुम्ही नुसतं गोत्तिल्ल म्हणाला असतात, तर मी घरी जाताना शोरूमला गेलो असतो. वाटेवरच होतं.”

एवढं बोलून त्यानं पोरीला कडेवर घेतलं आणि तो आत गेला. आतून कडी लावल्याचा आवाज आला. आम्ही दार ओढून घेतलं आणि निघालो.

दुकानाचं शटर वेंकटनं त्या दिवसापासून उघडलेलं नाही. एकादशीला मंदिरातून माणूस बोलवायला आला, तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. मृदंगावर मीच कापड घातलं.

काल शेजारच्या जगन्नाथरावांकडे एक पाहुणा आला होता. त्यानं आमच्या दारात येऊन बसस्टँड कुठं म्हणून विचारलं. बसस्टँड आमच्या अंगणातून दिसतो. वेंकटनं त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “गोत्तिल्ल.”

पाहुणा गेला. मी ताट वाढून त्याच्यापुढं ठेवलं आणि विचारलं, “वेंकट, भूक लागलीय ना रे?”

त्यानं त्याचंही तेच उत्तर दिलं.