लगोरी हलता कामा नये

"झालं वहिनी, संपवलं एकदाचं. आता बसा आणि खेळा," असं शैला मला म्हणाली, ती आमची शेवटची नीट भेट. दवाखान्यातून तिला नारायण पेठेतल्या तिच्या फ्लॅटवर आणलं होतं. मी म्हटलं, "आधी तू उठून बस. तुला हरवल्याशिवाय मला कसली गंमत!" ती हसली. त्याच आठवड्यात एका सकाळी तिच्या नवऱ्याचा, आमच्या भावजींचा फोन आला… शैला गेली. महिना होऊन गेला आता. भेटायला येणारे म्हणतात, "फार सोशिक होत्या हो." अजिबात नव्हती! हट्टी होती, एक नंबरची हट्टी, आणि मला त्या हट्टाबद्दलच लिहायचंय.

शैला माझी धाकटी जाऊ. बँकेतून निवृत्त झाल्यावर आमच्या वयाच्या बायका भजनी मंडळ नाहीतर योगासनं धरतात. हिने जाहीर केलं, "मी कॉम्प्युटरवर लगोरीचा गेम करणार." तिचा मुलगा निखिल आयटीत आहे. तो म्हणाला, "अगं आई, रेडीमेड एंजिन मिळतं. डाउनलोड कर, दगड टाक, बॉल टाक, झाला गेम." त्यावर ही म्हणते, "पुरणपोळीही रेडीमेड मिळते. मग तुझी काकू दर होळीला पुरण का वाटत बसते?" ती काकू म्हणजे मी, कपाळ! एंजिन म्हणजे काय, ते तिने मला मेथी निवडता निवडता समजावलं. सोडलेला चेंडू खाली पडतो, जमिनीवर आपटून उसळतो, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. कॉम्प्युटरला मात्र यातलं काही म्हणता काही ठाऊक नसतं. ते सगळं एकदा बैजवार सांगून ठेवायचं, ते एंजिन. "मग त्याने काय करायचं, तर कुणी बटण दाबलंय का बघायचं, सगळ्या वस्तू किंचित पुढे सरकवायच्या, चित्र नव्याने काढायचं… की पुन्हा पहिल्यापासून." मी म्हटलं, "म्हणजे आपला संसारच की गं!"

पहिल्यांदा काय जमलं, तर काळ्या पडद्यावर एक पांढरा चौकोन. बटण दाबलं की तो उजवीकडे जायचा. बस्स. त्यासाठी बाईंनी पेढे आणले! मी नेहमीप्रमाणे बोललेच, "एवढ्याशा चौकोनाला पेढे, तर गेम झाल्यावर काय गावजेवण?" पण तिचा चेहरा बघितला आणि दुसरा पेढा गुपचूप उचलला. मग चेंडू आला. तो सोडला की जमिनीतून आरपार, थेट पाताळात. वेग इतका की एका चित्रात तो जमिनीच्या वर, पुढच्या चित्रात खाली. मधे जमीन ओलांडली कधी, ते एंजिनाने पाहिलेलंच नाही. निखिल तिला वाट दाखवायचा, पण ती त्याला कीबोर्डला हात लावू द्यायची नाही. "तू सांग, चुका माझ्या मी करते," म्हणायची.

खरं घोडं अडलं ते लगोरीपाशी. सात चपटे दगड एकावर एक ठेवले की ते आपले आपणच थरथरायचे. एंजिन प्रत्येक दगडाला सतत खाली ओढणार, खालचा त्याला वर ढकलणार, त्या ओढाताणीत सगळा ढीग सरकत सरकत कोसळायचा. "चेंडू लागायच्या आधीच लगोरी फुटते, वहिनी. मग खेळायचं काय?" नेमकं तेव्हाच तिच्या पोटातलं दुखणं कर्करोगाचं निघालं. डॉक्टरांनी हातचं काही राखलं नाही, दिवस थोडे आहेत हे सांगून टाकलं. बाहेर येऊन ती मला म्हणाली, "ती लगोरी न हलता उभी राहिलेली मला बघायचीय." तिने दुसरं काहीच मागितलं नाही. मला इतका राग आला… तिचा नाही, कुणाचा ते अजून ठरलेलं नाही.

दोन उपचारांच्या मधल्या बऱ्या दिवसांत तिने टूम काढली, खरी लगोरी खेळून बघायची. भावजींनी गाडी काढली आणि आम्ही तिघं खडकवासल्याला. पाण्याकाठचे चपटे दगड निवडले. मी साडी खोचली, कारण लहानपणी मी गल्लीतली पट्टीची खेळाडू होते, उगाच नाही सांगत. कणसं खाणारी पोरं व्हिडिओ काढायला लागली. म्हटलं, "काढा, काढा, तुमच्या आयांना दाखवा!" दगड रचून शेवटच्या दगडावर मी तळहात क्षणभर दाबून धरला, मग ओरडले, "लगोरी!" शैला ओरडली, "थांबा! हे काय केलंत?" मी म्हटलं, "काय केलं? दगड बसेपर्यंत हात ठेवायचा, बसला की काढायचा आणि परत शिवायचं नाही. शिवलं की पडलंच." ती तिथेच धोंड्यावर बसली. "मी त्यांना बसूच देत नाहीये. सारखं ढोसतेय!" घरी आल्यावर तिने एंजिनाला तेवढंच शिकवलं: जो दगड हलायचा थांबलाय त्याला आता झोपू दे, चेंडू लागेपर्यंत त्याच्या वाटेला जाऊ नकोस. आणि लगोरी उभी राहिली. जराही हलेना! आम्ही दोघी रडलो, भावजी पेढे आणायला धावले. आमच्या घरातल्या बाईने मुळापासून एंजिन लिहिलंय, हे मी तेव्हापासून भाजीवालीलाही सांगत असते.

परवा भावजींनीच तिचा कॉम्प्युटर लावून दिला आणि ते चहा टाकायला गेले. पडद्यावर ते सात दगड स्वस्थ उभे. माझा हात होईना. तिने एवढं जिवापाड उभं केलेलं मी कशाला पाडू? पण लगोरी फोडल्याशिवाय खेळ सुरू होत नाही, हे मला कुणी सांगायला नको. मारला चेंडू. दगड विखुरले, मग बटणं दाबून मी ते एकेक रचले. सातवा ठेवला आणि पडद्यावर वरून एक हात आला. म्हातारा, हातात हिरव्या बांगड्या, करंगळी वाकडी. माझी वाकडी आहे तश्शीच. त्या हाताने दगड क्षणभर दाबून धरला आणि अलगद बाजूला झाला. लगोरी हलली नाही.

मी ओरडले, "लगोरी!" स्वयंपाकघरातून भावजींनी विचारलं, "लागली का, वहिनी?"

"लागली हो," म्हटलं, "पक्की लागली."