रानाचा कौल, शेताचा रस्ता

गावावरून मोठा रस्ता जाणार हे कळलं तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मला झाला होता. रोह्याला कॉलेजात जायचं तर एसटीसाठी बरंच अंतर चिखल तुडवावा लागे. पण रस्त्याच्या साहेबांची माणसं खुणा करत राखीव रानात, थेट देवाच्या झाडांपर्यंत पोचली आणि गावाचा जीव खालीवर झाला. त्या रानातली फांदीसुद्धा आमच्याकडे कुणी तोडत नाही. वनखात्याचा धाक आहेच, देवाचा त्याहून जास्त.

गावाचं म्हणणं ऐकायला शाळेत सभा ठरली. त्याआधी देवाला कौल लावायचा हे ओघानंच आलं. ओल्या पाषाणाच्या दोन बाजूंना तांदळाचे दाणे चिकटवायचे, प्रश्न विचारायचा नि वाट बघायची. उजवा पडला तर होकार, डावा पडला तर नकार. एका बैठकीला एकच प्रश्न, अशी रीत. तो मांडायचा मान माझ्या वडिलांचा.

रानाखालच्या उतारावर आमचं एकच शेत. पावसाळ्यात भात, मग वाल. दुसरी जमीन नाही. आई म्हणाली, "रानाचा इचारताव, तसा शेताचा पन इचारा. रस्ता रानातना नाय गेला तर जाईल कुठना?"

"तू गप रव गो. देवाम्होरं घरचा गाऱ्हाना कोन मांडतो?"

वडिलांनी एवढंच विचारलं, रस्ता रानातून जाऊ द्यावा का. डावा दाणा पडला. गाव निर्धास्त झालं.

सभेत सगळे एका सुरात म्हणाले, "रानातना नाय." साहेब चक्क हसले. वनखात्याच्या परवानगीसाठीचे हेलपाटे परस्पर वाचले होते. त्यांनी नकाशावरची रेघ खोडली आणि पेन्सिल खाली सरकवली.

पुढेच बसलेले वडील म्हणाले, "ह्या आमचा शेत हाय."

"रानातून नको, हे तुमचंच म्हणणं ना?"

वडिलांनी मागे वळून गावाकडे पाहिलं. सगळे खाली बघत होते. आपल्याच माणसांचा इतका राग मला पुन्हा कधी आला नाही.

आईनं घरी येऊन तोंडाचा पट्टा सोडला. हात दाखवून अवलक्षण ते हेच, म्हणाली. शेजारी म्हणाले, पुन्हा कौल लावू, या खेपेला शेताचा. वडील नाही म्हणाले. "देव शेतातना नको म्हनला, तर मंग साहेबाला काय रान दाखवू?"

रस्ता झाला. एसटी दारात आली, माझं कॉलेज पार पडलं. गाडीतून जाणारे रानाकडे बोट दाखवून म्हणतात, झाडं काय राखलीत! ऐकून अजून डोकं तडकतं.

वालाच्या पहिल्या शेंगा देवाला ठेवायचा नेम वडिलांनी शेवटपर्यंत मोडला नाही. पेणच्या बाजारातून शेंगा विकत आणत. मग आमचा बांध होता तिथे पिशवी धरून उभे राहत, पलीकडे रानातल्या देवाकडे जायला गाड्या कमी व्हायची वाट बघत.