गेम सुरू होता तेव्हा घर हाललं

घुग्घुसवाल्यांनो, एक विचारायचं आहे. पण आधी ऐका.

आज दुपारी नवा फोर-के टीव्ही भिंतीवर लावला, त्याले नवीन गेमिंग कन्सोल जोडला आन् कार रेसिंग सुरू केली. चित्र इतकं साफ की रस्त्यावरचा खडा न् खडा दिसत होता.

तेवढ्यात हातातला कंट्रोलर थरथरला. मग सोफा हालला, खिडकीच्या काचा वाजल्या. वाटलं, खाणीत ब्लास्टिंग झालं असन. आपल्याले रोजचंच आहे ते. मी गाडी पळवतच राह्यलो.

आई स्वयंपाकघरातून धावत आली. "बाबू, आज भोंगा कुठी वाजला?"

ब्लास्टिंगच्या आधी भोंगा वाजतेच. तो ऐकला की आई फळीवरचे डबे आत सरकवते. आज सगळे डबे खाली पडले होते.

टीव्ही बंद केला तेव्हा दिसलं. त्याच्यामागून एक भेग निघून थेट फरशीपर्यंत गेली होती. आमच्या घराखालून जुनी कोळशाची खाण गेली आहे म्हणतात, आतून सारी पोकळ.

आता आम्ही दोघं अंगणात बसून आहो. आत जायची हिंमत होऊन नाई राह्यली.

गेमच्या आवाजात मले भोंगा ऐकू आला नसन. आईलेही नाई आला.

तुम्ही ऐकला का? कोणीतरी हो म्हणा.