बाईंचा ळ

अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या हर्नडनला आम्ही टाउनहाऊस घेतलं तेव्हा एक भिंत शेजारच्या घराशी सामाईक होती. त्या भिंतीतून रोज सकाळी एक बाई मोठमोठ्याने आ-ई-ऊ करताना ऐकू यायच्या. माझ्या बायकोला वाटलं, कुणीतरी आजारी आहे. ती डब्यात वरणभात घेऊन गेली आणि तासाभराने हसतच परत आली.

"अरे, त्या नटी आहेत. इंग्लंडच्या. आवाजाचा व्यायाम करतात म्हणे. चौऱ्याऐंशीव्या वर्षी!"

त्या दिवसापासून आमचं जाणंयेणं सुरू झालं. बायको त्यांना मावशी म्हणायला लागली. त्याचा अर्थ आईची बहीण, हे कळल्यावर त्या इतक्या खूश झाल्या की फोनवरही स्वतःला मावशी म्हणायच्या. मी मात्र मनात त्यांना बाईच म्हणायचो. बर्फ पडला की मी त्यांच्या पायऱ्या साफ करायचो आणि मग त्या मला आत बोलावून चहा द्यायच्या. तो चहा अगदी कडू असायचा, पण गप्पांसाठी मी तो प्यायचो.

त्यांच्या वडिलांचं उत्तर इंग्लंडमधल्या एका गिरणीच्या गावात मटणाचं दुकान होतं. सोळाव्या वर्षी शाळा सोडून बाई एका नाटक कंपनीत लागल्या. ती कंपनी दर सोमवारी नवं नाटक लावायची. म्हणजे या आठवड्याचं नाटक संध्याकाळी करायचं आणि पुढच्या आठवड्याचं दुपारी पाठ करायचं. पहिली दोन वर्षं त्यांच्या वाट्याला मोलकरणीच आल्या. "'चहा आणलाय, मॅडम' हे मी किती तऱ्हांनी म्हटलंय, विचार," असं म्हणून त्या चार तऱ्हांनी म्हणून दाखवायच्या. मग एकदा मुख्य नटीचा घसा बसला आणि दुपारी तीन वाजता यांना सांगण्यात आलं की संध्याकाळी तू उभं राहायचंस. तिथून पुढे लंडन आणि बऱ्या भूमिका. एका सिनेमासाठी तीन दिवस नळाच्या पावसात भिजल्या, आणि पडद्यावर शिल्लक राहिला तो दार लोटणारा त्यांचा हात. "हात मात्र चांगला झाला होता," त्या गंभीरपणे म्हणाल्या. टीव्हीवरच्या एका मालिकेत सहा वर्षं इस्पितळातली मेट्रन झाल्या, तर बाजारात बायका त्यांना खोकल्याचं औषध विचारायच्या.

पुढे एका नाटकाच्या दौऱ्यावर त्या अमेरिकेत आल्या, कंपनीत प्रकाशयोजना करणाऱ्या व्हर्जिनियाच्या माणसाच्या प्रेमात पडल्या आणि इथल्याच झाल्या. इथे त्यांनी इंग्लिश आज्या केल्या, चेटकिणी केल्या, पुस्तकं वाचून रेकॉर्ड केली. कुठल्याशा बँकेला फोन केला की 'कृपया थांबा' म्हणणारा आवाज काही वर्षं त्यांचाच होता. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. मूलबाळ नाही. एक भाची स्टेट कॉलेज नावाच्या गावी विद्यापीठात शिकवायची, ती सणासुदीला यायची.

मी हे सगळं ऐकून घरी यायचो आणि माझं स्वतःचं लिखाण मला फालतू वाटायचं. मी मूळचा नागपूरचा, अ‍ॅशबर्नला डेटा सेंटरमध्ये नोकरी करतो आणि आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत दरवर्षी एक विनोदी एकांकिका लिहून बसवतो. मंडळात मला लेखक म्हणतात आणि मलाही ते ऐकायला आवडतं. बाई काय तोडीच्या नटी होत्या हे मला माहीत होतं, हे आधीच सांगून टाकतो. नंतर मी जे केलं ते न कळून केलं असं म्हणायची सोय मला नाही.

त्या वर्षीची एकांकिका अशी होती. पुण्याचा मुलगा आणि त्याची अमेरिकन बायको. तिची आई त्यांच्याकडे राहायला येते. जावयाला सासू नकोशी असते, म्हणून तो तिला मुद्दाम चुकीचं मराठी शिकवतो. शेवटी पाहुण्यांनी भरलेल्या घरात ती हात जोडते आणि आपण काहीतरी छान बोलतोय अशा समजुतीने म्हणते, "मी म्हातारी शेळी. मला दाराशी बांधा, मूठभर पाला घाला." जावयाचा डाव साधतो, पडदा पडतो.

गोऱ्या सासूचं काम आमच्यातलाच कुणी पुरुष सोनेरी विग घालून करणार होता. पण मंडळाचे अध्यक्ष, एक निवृत्त डॉक्टरकाका, मला म्हणाले, "अरे, तुझ्या शेजारी खरीखुरी नटी राहते आणि तू विग काय शोधतोस? विचार तिला. हॉल डोक्यावर घेतील लोक."

मी विचारलं. बाई खुर्चीतून उठून उभ्याच राहिल्या. "चार वर्षांत मला कुणी काम विचारलेलं नाही," त्या म्हणाल्या. लगेच वही आणि पेन्सिल घेऊन टेबलाशी बसल्या. "सांग. या बाईला काय हवंय?"

मी गडबडलो. शेळीचा विनोद आहे, असं त्या वही उघडून बसलेल्या बाईला सांगायची मला लाज वाटली. मी म्हणालो, "ती एकटी आहे. तिला मुलीच्या घरात जागा हवी आहे. नाटक तसं हलकंफुलकं आहे, पण शेवटच्या वाक्याला सगळे गप्प होतात."

"वाक्य काय आहे?"

मी ते मराठीत म्हटलं. त्यांनी ते इंग्रजी अक्षरांत लिहून घेतलं आणि शब्दाशब्दाखाली रेघ ओढून अर्थ विचारला. म्हातारी म्हणजे काय, ते मी खरं सांगितलं. शेळी म्हणजे काय? "बाई," मी म्हणालो. बांधा म्हणजे? "ठेवून घ्या." पाला? "अन्न." वहीत वाक्य तयार झालं: मी एक म्हातारी बाई आहे, मला तुमच्या दाराशी ठेवून घ्या, मूठभर अन्न द्या. त्यांनी ते हळू आवाजात वाचलं आणि म्हणाल्या, "किती साधं लिहिलंस. चांगलं लिहिलंस."

तेव्हाच सांगता आलं असतं. मी "थँक यू" म्हणालो.

ळ त्यांना येईना. शेली म्हणायच्या, शेडी म्हणायच्या. जीभ टाळ्याला कुठे लावायची हे विचारायला रोज संध्याकाळी फोन करायच्या. आठवड्याभरात तो ळ असा काही बसला की इथे जन्मलेल्या आमच्या मुलीलाही तसा जमत नाही.

तालमींना त्या शेवटच्या दोनच वेळा आल्या. त्यांनी वाक्य म्हटलं तेव्हा बाकीची कामं करणारी मुलं खिदळली. जावयाचं काम करणारा तरुण मला बाजूला घेऊन म्हणाला, "यार, यांना माहितीये ना हे काय आहे?"

"नाही. आणि सांगू नकोस," मी म्हणालो. "त्या सिरियसली बोलल्या तरच मजा आहे. हे कॉमेडीचं टेक्निक आहे."

त्याने खांदे उडवले. बाईंना मी सांगितलं की पोरं नवखी आहेत, त्यांना तालमीत हसू आवरत नाही.

प्रयोग एका शाळेच्या सभागृहात होता. जाहिरातीत आम्ही 'थेट लंडनच्या रंगभूमीवरून' असं छापलं होतं. बाई वॉकर विंगेत ठेवून नुसत्या काठीने चालत आल्या. आधीची दहा मिनिटं लोक बेताचं हसत होते. मग तो प्रसंग आला. त्यांनी काठी खुर्चीला टेकवली, हात जोडले आणि सगळ्यांकडे एकदा बघितलं. मी विंगेत उभा होतो. असं बघणं मी आमच्या स्टेजवर कधी पाहिलं नव्हतं. एवढ्याशा आवाजात, पण शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असं, त्या म्हणाल्या, "मी म्हातारी शेळी."

सभागृह फुटलं. लोक खुर्च्यांवर हात आपटत होते, शिट्ट्या मारत होते. बाई क्षणभर थांबल्या, मग पुढचं वाक्य तसंच पूर्ण केलं, त्याच दुःखाने. त्यावर अजून मोठा हशा झाला. माझ्या सगळ्या एकांकिकांना मिळून कधी आला नव्हता एवढा हशा होता तो, आणि खरं सांगायचं तर त्या वेळी मला फार आनंद झाला.

पडदा पडल्यावर बाई विंगेत खुर्चीवर बसल्या. "ते हसले," त्या म्हणाल्या. "माझं कुठे चुकलं?"

आजूबाजूला माणसं होती, अध्यक्षकाका माझी पाठ थोपटत होते. मी वाकून म्हणालो, "थोडा ळ चुकला. त्याने शब्दाचा अर्थ बदलतो. पण ठीक आहे, लोकांना मजा आली."

त्यांनी माझा हात धरला. "सॉरी. तुझं नाटक मी बिघडवलं. मला माफ कर."

"काही हरकत नाही," मी म्हणालो.

पुढचे बारा दिवस भिंतीतून आ-ई-ऊ ऐवजी ळ ऐकू येत होता. शेळी, शेळी, शेळी. मी सकाळी लवकर ऑफिसला निघायला लागलो. व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होता, ओळखीची-अनोळखी माणसं मला हसण्याच्या इमोजी पाठवत होती. मी सगळ्यांना हात जोडल्याचं चित्र उलट पाठवत होतो.

बायकोला यातलं काही माहीत नव्हतं. ती प्रसादाच्या कमिटीत होती, तालमींना आली नव्हती. प्रयोग तिने पाहिला, पण बाईंना विनोद माहीत आहे असंच ती धरून चालली होती. बाराव्या दिवशी ती त्यांना अळूवडी द्यायला गेली. परत आली ती डबा न ठेवताच माझ्यासमोर उभी राहिली.

"मावशींनी मला मिठी मारली आणि म्हणाल्या, तू चांगली शेळी आहेस."

मी लॅपटॉप बंद केला.

"मला आधी हसू आलं. मग म्हटलं, मावशी, शेळी म्हणजे काय? तर म्हणाल्या, बाई. तुझ्या नवऱ्याने शिकवलं." तिने डबा टेबलावर ठेवला. "तू त्यांना सांगितलंच नव्हतंस?"

"नव्हतं."

"आणि तो ळ? मागे लागल्या होत्या, ऐक आणि बरोबर आहे का सांग. मी म्हटलं, अगदी बरोबर आहे. तर त्या म्हणाल्या, आता जमून काय उपयोग." तिचा आवाज चढला. "तू आत्ता जाऊन सांग. नाहीतर मी सांगते."

मी गेलो. बाई स्वयंपाकघरात शेंगा सोलत बसल्या होत्या. मी उभ्यानेच सांगायला सुरुवात केली.

"तुमचा ळ चुकला नव्हता. तुम्ही जे म्हटलंत ते स्वच्छ होतं."

"मग?"

"शेळी म्हणजे बाई नाही. शेळी म्हणजे शेळी. दूध देते ती."

त्यांनी शेंगा बाजूला सारल्या. "पाला?"

"झाडाची पानं."

"बांधा?"

"दोरीने."

"सगळ्यांना माहीत होतं?"

"हो."

"त्या मुलांनाही? तालमीत?"

"मीच सांगितलं होतं त्यांना, बोलू नका म्हणून."

त्यांना रडू येईल या भीतीने मी दाराकडे सरकलो होतो. पण त्या बोलल्या तेव्हा आवाज अगदी कोरडा होता.

"लंडनला नऊ वर्षं मी लोकांना हसवूनच पोट भरलं. विनोदी आहे एवढंच सांगायचं होतंस. मी तुला अशी शेळी करून दिली असती की लोक घरी जायचं विसरले असते."

"माझं चुकलं," मी म्हणालो.

"ते हसले त्याचं काही नाही. हसायचंच होतं त्यांना. पण मी तुझी माफी मागितली, आणि तू ती घेतलीस." त्यांनी शेंगांची परात पुन्हा ओढली. "आता जा तू घरी."

मंडळाच्या पुढच्या बैठकीत मी सगळं खरं सांगितलं आणि व्हिडिओ काढून टाकायला सांगितला. ऐकून सगळे पुन्हा हसले. "म्हणजे त्यांना खरंच माहीत नव्हतं? कमाल केलीस!" अध्यक्षकाका डोळे पुसत म्हणाले. कुणीतरी ग्रुपमधून व्हिडिओ डिलीट केला, पण तोवर तो कुठे कुठे पोचला होता. मी पुढच्या वर्षी लिहीन का, असं त्याच बैठकीत विचारलं गेलं. मी नाही म्हणालो, तर त्यांना ते माझं नखरे करणं वाटलं.

त्या थंडीत बर्फ पडल्यावर मी बाईंच्या पायऱ्या साफ करायला गेलो. त्यांनी दार उघडून थँक यू म्हटलं आणि लावून घेतलं. वसंतात त्यांनी घर विकलं आणि भाचीजवळ स्टेट कॉलेजला राहायला गेल्या. निघताना माझ्या बायकोला घट्ट धरून उभ्या राहिल्या. माझ्याशी हात मिळवला आणि विचारलं, रस्त्यात फार ट्रॅफिक असेल का. मी म्हणालो, सकाळी निघालात तर नसेल. आमचं शेवटचं बोलणं हेच.

आता दर रविवारी त्यांचा फोन येतो. बायको स्वयंपाक करताना स्पीकरवर ठेवते. तिथल्या नाट्यविभागातली मुलं त्यांच्याकडे आवाज शिकायला येतात म्हणे, कॅम्पसची बस पकडून. शेवटी कधीतरी त्या विचारतात, "आणि तो कसा आहे?"

"बरा आहे," बायको म्हणते, आणि बाहेरच्या खोलीकडे बघत थोडी थांबते. मी तिथेच असतो. उठून आत जात नाही.