डोमाजीचे घडीव पिस्टन

आष्टीत डोमाजी मिस्त्रीनं इंजिन बांधून दिलं की गाडीचा मालक पितळी पेला काठोकाठ भरून बॉनेटवर ठेवायचा आणि इंजिन सुरू करायचा. पाणी सांडलं नाही की तिथल्या तिथं साखर वाटायची. सांडलं तर मिस्त्रीनं मान खाली घालून पुन्हा पाने हातात घ्यायचे. डोमाजीवर तशी वेळ कधी आली नव्हती.

"याचं इंजिन चालू हाय का बंद, ते याच्या बायकोले इचारा," असं समोरचा नत्थूजी पानवाला गिऱ्हाइकांना सांगायचा.

बायको म्हणजे मनकर्णाबाई. ती म्हणायची, "इंजिनाचं सोडा. मानूसच चालू हाय का बंद, थे मले अजून समजलं नाई."

खरंच, डोमाजीला बोलायचा भारी कंटाळा. भाजी खारट झाली तर तो ताटात पाणी ओतून घेई, पण तोंड उघडत नसे. त्याच्या इंजिनांनीही तोच गुण उचलला होता, असं गावात बोलत.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या सालची गोष्ट. गावातल्या रूपरावाकडं एक पेट्रोलची जीप होती, लष्कराच्या लिलावातली. रोज आष्टी ते आर्वी जायची. आत माणसं, मागं दुधाचे डबे, आणि लोंबकळणारे वेगळेच. एकदा पाणी आटून ती इतकी तापली की इंजिनाचं वरचं झाकण, ज्याला मिस्त्री लोक हेड म्हणतात, ते वाकलं. लेथवर नेऊन ते घासून सरळ केलं, पण घासणाऱ्याचा हात जरा जास्तच चालला. झाकण खाली बसलं, आतली जागा कमी झाली आणि कोंडलेल्या हवेवरचा दाब वाढला. त्यानं झालं असं की जीप चढावर अशी पळू लागली की रूपराव मिशीला पीळ देऊन सांगे, "मिस्त्री, गाडी नाई, हरीण होऊन गेली!"

डोमाजीला मात्र चढावर इंजिनाच्या पोटातून टणटण ऐकू येई. इथलं पेट्रोल हलकं, दाब भारी. त्यानं एवढंच म्हटलं, "हळू चालवजा." हरणाला कोण हळू चालवतं?

त्याच पावसाळ्यात डोमाजीची एकुलती लेक कोकिळा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली होती. कळा लांबल्या म्हणून तिला रूपरावाच्या जीपमधून आर्वीच्या दवाखान्यात न्यायला निघाले. तळेगावचा चढ चढता चढता टणटण वाढली आणि आर्वीच्या अलीकडं इंजिनात काहीतरी फुटलं. जीप जागेवर बसली. बैलगाडी मिळेपर्यंत दुपार कलली. कोकिळा वाचली, मूल वाचलं नाही.

नंतर डोमाजीनं इंजिन उघडलं. पिस्टन म्हणजे उखळातलं मुसळच, सारखं खालीवर होणारं. त्यातल्या एकाचं डोकं फुटून तुकडे झाले होते. त्यानं ते तुकडे मनकर्णाबाईपुढं ठेवले. ती म्हणाली, "हे तं वतीव दिसते, साच्यात वतलेलं. आपल्या समईचा पाय असाच तुटला होता. परातीसारखा आपला कोपर किती डाव पडला, पन त्याले नुसता पोचा आला. थो ठोकून घडवेल हाय ना."

डोमाजीनं तिचं बोलणं मनात ठेवलं. पुढच्या पावसाळ्यात तो घडीव पिस्टन शोधायला नागपूरला गेला.

कारण घासलेलं हेड काही परत वाढत नाही. जुन्या जीपचं दुसरं हेड कुठं मिळेना. झाकणाखाली दोन पातळ पत्रे घालून पाहिले तर ते उडून गेले. म्हणजे दाब राहणारच होता. तो रोजच्या रोज सोसेल असा पिस्टन शोधणं एवढंच हाती होतं. आणि तोवर कोकिळाला पुन्हा दिवस गेले होते. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं की या खेपेला वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यातच न्यायचं. न्यायचं कशात? एस्टी कळांसाठी थांबत नाही. गावात जीप एकच.

नागपूरच्या जुन्या बाजारात दुकानदारानं दोन जोड समोर मांडले. ओतीव गुळगुळीत, देखणे, लगेच बसतील असे. घडीव जरा ओबडधोबड, कुठल्या तरी लष्करी मालातून आलेले.

"ये टूटेगा नहीं, मिस्त्री," दुकानदार घडीवावर बोट ठेवून म्हणाला. "लेकिन गरम होके ज्यादा फूलता है. जगह छोडना पडेगा. और सुबह ठंडे में खडखड करेगा. वो करने देना."

डोमाजीनं घडीव उचलले. पण परतीच्या वाटेवर ती खडखड त्याच्या कानातून जाईना. डोमाजी मिस्त्रीचं इंजिन आणि खडखड! पेल्याचं काय होईल? नत्थूजी काय म्हणेल? सगळी हयात माणूस मुका राहिला, ते याच्याच जोरावर ना!

मग त्यानं एक केलं. पिस्टन आणि त्याच्या नळकांड्यामध्ये जेवढी फट ठेवायला सांगितली होती, त्यातली थोडी खाल्ली. म्हटलं, थोड्यानं काय होते.

इंजिन बसलं. पेला ठेवला. थेंब सांडला नाही. साखर वाटली, नत्थूजीनं फुकट विडा दिला. मग डोमाजी आणि रूपराव दोघंच तळेगावच्या चढाला निघाले. अर्ध्या चढावर इंजिन तापलं, पिस्टन फुगले, आणि नळकांड्यात घट्ट बसले. चाकं करकचून थांबली. चढावर वारा होता, तेवढाच आवाज.

"मिस्त्री, हे काय झालं जी?" रूपराव म्हणाला.

डोमाजी उतरून चाकाखाली दगड लावायला लागला. घरी आल्यावर मात्र ताटावर बसून, घास न घेता बोलला.

"मी फट चोरली."

"कायची फट?" मनकर्णाबाईनं विचारलं.

"इंजिनातली. आवाज नाई आला पायजे म्हून. साखरेसाठी." मग म्हणाला, "आज कोकिळा आत असती तं?"

मनकर्णाबाईनं त्या दिवशी टोमणा न मारता त्याच्या ताटात गरम भाकर वाढली.

पिस्टनवर नुसते ओरखडे आले होते, ते निघाले. नळकांडी पुन्हा घासून डोमाजीनं दुकानदारानं सांगितली होती तेवढी सगळी फट ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी रूपरावानं जीप सुरू केली आणि सगळ्या बाजाराला ऐकू गेलं, खडखड खडखड. पेला कलंडून बॉनेट ओलं झालं.

"डोमाजी, इंजिन बांधलं का नातवासाठी खुळखुळा केला?" नत्थूजी ओरडला.

लोक हसले. डोमाजी गाडीपुढं उभा होता, कानाची पाळी लाल झालेली.

"माही सवारी एस्टीनं जाऊन राह्यली," रूपराव कुरकुरला. "लोक म्हंते, पुन्हा फुटते का काय. काऊन असं केलं, मिस्त्री?"

"तापू द्या," डोमाजी म्हणाला. गाव ओलांडेपर्यंत खडखड खरंच विरून जायची, पण तोवर हसणाऱ्यांचं हसून झालेलं असे. दोन ट्रॅक्टरवाले मुकाट्यानं दुसऱ्या मिस्त्रीकडं वळले.

त्याहून वाईट घरी होतं. बाळंतपणाला पुन्हा माहेरी आलेली कोकिळा रोज सकाळी ती खडखड ऐकली की हातातलं काम सोडून पोट धरून बसे.

"तिले सांगा ना जरा," मनकर्णाबाई म्हणायची.

"सांगतो," डोमाजी म्हणायचा, आणि टॉवेल खांद्यावर टाकून दुकानात जायचा. खरं तर त्याची स्वतःचीच खात्री होत नव्हती. चढावर जाम झालेलं इंजिनही आधी गप्पच होतं, तेव्हा कानानं त्याला फसवलं होतं. आता तो खडखड संपते कुठं आणि टणटण सुरू होते कुठं, हे ऐकायला रूपरावाबरोबर आर्वीपर्यंत जाऊन यायचा. रात्री झोपेतही म्हणे कूस बदलून कान जमिनीला लावायचा.

पौषातल्या कडाक्याच्या सकाळी कोकिळाला कळा सुरू झाल्या, सांगितल्यापेक्षा आधीच. रूपरावानं जीप दारात आणली. थंडीनं गोठलेलं इंजिन असं खडखडत होतं की दारावरची कडीसुद्धा वाजायला लागली.

कोकिळानं दाराची चौकट धरली. "बाबा, मी नाई बसत या गाडीत. त्या दिवशीबी असंच वाजत होतं."

"चाल वं माय, वेळ नाई," मनकर्णाबाई म्हणाली.

"नाई म्हन्लं ना! इथंच मरन."

डोमाजी तिच्यासमोर उभा राहिला. पहिला शब्द फुटायला वेळ लागला, मग मात्र सगळे आले.

"त्या दिवशी तापल्यावर वाजत होतं, माय. आज थंड हाय म्हून वाजून राह्यलं. हे पिस्टन ठोकून घडवले हाय. तापले का फुगते. त्याईले फुगाले जागा लागते, थे म्या ठेवली. पहिल्यानं नव्हती ठेवली, तं गाडी चढावर जाम झाली. हा आवाज मीच ठेवला, जानूनबुजून. गावानं हासू दे."

"थांबन काय थो?"

"नाल्याचा पूल येईपर्यंत थांबन. नाई थांबला तं तू सांगजो, मी गाडी उभी करतो."

ती बसली. मनकर्णाबाईच्या मांडीवर डोकं, ओठ दाताखाली. डोमाजी पुढं रूपरावाजवळ, पाय उघड्या पत्र्यावर टेकवून, म्हणजे तळव्यालाही ऐकू यावं. पूल आला. खडखड होतीच. कोकिळानं डोळे उघडले, पण गाडी थांबवा म्हणाली नाही. पुलापलीकडं चिंचेपाशी आवाज बारीक झाला, मग उरला नुसता चाकांचा. तळेगावच्या चढाला डोमाजीनं डोळे मिटून घेतले. जीप चढली. आर्वी गेली. आर्वी ते वर्धा मनकर्णाबाई सगळ्या देवांची नावं घेत होती. डोमाजीला मात्र एकही आठवेना.

दवाखान्यात कोकिळाला आत नेलं. मूल पायाळू होतं, डॉक्टरांनी कष्टानं काढलं. दुपारी नर्सनं बाहेर येऊन सांगितलं, मुलगी आहे, अशक्त आहे, काही दिवस जपावं लागेल, पण आहे.

मनकर्णाबाई हे सांगायला अंगणात आली. डोमाजी जीपचं बॉनेट उघडून तेल किती उरलं ते बघत होता. ऐकल्यावर त्यानं मान हलवली आणि तेल मोजायची लांब पट्टी परत तिच्या भोकात घालायला गेला. पट्टी जाईना. एकदा, पुन्हा, पुन्हा. टोक नुसतं भोकाच्या कडेवर टकटक वाजत होतं.

मनकर्णाबाईनं जन्मात कधी इंजिनाला हात लावला नव्हता. तिनं लुगड्याचा काचा सावरला, पट्टी त्याच्या हातातून घेतली, डोळे बारीक करून भोक शोधलं आणि ती आत सारली.

"आता चाला," ती म्हणाली. "पोट्टी तुमची वाट पाहून राह्यली."