आबांनी तपासलेलं डच कूळ

आमच्या थोरल्या दिरांना, म्हणजे आबांना, विचारल्याशिवाय आसपासच्या गावांत सोयरीक जुळत नाही. मुलीचे नाक-डोळे बघायला बाकीचे असतात, आबा कूळ बघतात. आजोळ कुठलं, मामकूळ कोणतं, चुलत्यांत कोणी पळून गेलंय का, जमीन पाटाखालची की कोरडवाहू, सगळं काढून घेतात. समोरच्याला पुरता घाम फुटला की वर म्हणतात, "सहज इचारलं!" त्यांच्या मते मुलगी करायची ती राहुरी-संगमनेरची. तिसगावच्या पुढं त्यांना परमुलूख लागतो. आणि अशा माणसाच्या पुतण्यानं, म्हणजे माझ्या लेकानं, मुलगी पसंत केली ती थेट अमेरिकेतली.

आमची वस्ती देवळाली प्रवराजवळ, उसाच्या रानात. आम्हा दोघी जावांची घरं एकाच अंगणात आहेत. मी शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले, म्हणून अमेरिका समजावून सांगण्याचं काम माझ्या गळ्यात. आमचे हे भावापुढं तोंड उघडत नाहीत, त्यांचा प्रश्नच नाही. लग्न वस्तीवर, आपल्या पद्धतीनं व्हावं, ही लेकाचीच हौस. पण आमच्या घरात देवक बसवायचं ते थोरल्या जोडप्यानं. आबा बसले नाहीत तर देवक नाही, आणि देवक नाही तर ते लग्न कसलं? खरं सांगते, माझ्या जिवाला घोर होता तो एवढ्याच गोष्टीचा.

आबांनी नकार काही दिला नाही. त्याहून वाईट बोलले. म्हणाले, "आधी कूळ कळू द्या."

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात, पण आबांना कोण सांगणार! मला वाटलं, झालं, आता बसा हरी हरी करत. अमेरिकेत कुळं कोण ठेवतंय? पण मुलीची आई आबांच्या वरताण निघाली. बाई ग्रंथालयात होत्या. निवृत्त झाल्यापासून त्यांना एकच नाद, सासरच्या घराण्याचे पूर्वज शोधायचे. नवऱ्याला त्यात काडीचा रस नाही, पण ह्या मात्र जुन्या देवळांतल्या, म्हणजे चर्चमधल्या, बारशांच्या नोंदी धुंडाळत गावोगाव फिरलेल्या. न्यूयॉर्क जेव्हा डच लोकांची वसाहत होती, तेव्हा हॉलंडमधून एक तरुण जहाजात बसून तिथं उतरला. तिथपासून माझ्या होणाऱ्या सुनेपर्यंत त्यांनी सगळी ओळ लावली होती. लेकानं ती मराठीत उतरवून मोबाईलवर पाठवली. मी राहुरीला जाऊन तिच्या प्रिंट काढल्या, एकमेकींना चिकटवल्या आणि ओसरीतल्या खाटेवर अंथरल्या. वाऱ्यानं उडू नये म्हणून एका टोकाला तांब्या ठेवला, दुसऱ्या टोकाला अडकित्ता.

मी वाचत होते आणि आबा नेहमीसारखी उलटतपासणी घेत होते.

"ह्यो पहिला गडी घर सोडून आला कशापायी? तिकडं जमीन न्हवती का?"

"नव्हती. पिठाच्या गिरणीवर कामाला होता."

"मंग मळा कवा केला?"

"मुलानं केला. हडसन नावाची नदी आहे, तिच्या काठाला."

"नदीकाठाला?" आबांची मान पहिल्यांदा हलली. "नदीकाठची मानसं बरी असत्यात." असं म्हणून त्यांनी हडसनला प्रवरेच्या पंगतीत बसवलं. पुढं इंग्रजांशी लढाई झाली तेव्हा ह्या घरातला एक भाऊ इंग्रजांकडून लढला आणि दुसरा विरुद्ध बाजूनं, हे ऐकल्यावर तर त्यांनी मांडीवर थाप मारली. "भाऊबंदकी बी हाय व्हय! मंग घरंदाज दिसत्यात."

मला हसू आवरेना. आता दोन पिढ्या राहिल्या, की गंगेत घोडं न्हालं, असं मनात आलं न आलं तोच आबांचं बोट एका जागी थांबलं. अगदी वरच्या बाजूला, तिसऱ्या पिढीत.

"हे नवरा-बायको दोघं एकाच आडनावाचे?"

मी वाकून बघितलं. लग्नाआधीचंच आडनाव होतं त्या बायकोचं, आणि दोघांचं एकच.

"म्हंजी भावकीत लगीन? भाऊ-बहिनीचं?" त्यांनी चष्मा काढला, टोपी डोक्यावर ठेवली. "मामाची पोर केली असती तर मी चकार शब्द बोललो नसतो. पन एका कुळात? न्हाई. मी मांडवात यायचा न्हाई."

माझं धाबंच दणाणलं. तीनशे वर्षांपूर्वी मेलेल्या दोन डच माणसांनी माझ्या लेकाचं लग्न मोडायला घेतलं होतं! रागही असा आला म्हणता! पण आबांशी भांडून काही मिळत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी लेकाला थेट मुलीच्या आईशीच व्हिडिओ कॉल जोडून द्यायला सांगितला. लेक तिकडं त्यांच्याच घरी होता, तो दोन्हीकडचं बोलणं सांगत होता. जाऊबाई आत चहा ठेवत होत्या. आबा "मला काय करायचंय" म्हणत बरोबर मोबाईलसमोर येऊन बसले.

बाई ऐकून खळखळून हसल्या. म्हणाल्या, त्या काळी डच लोकांत आडनावच नसायचं. बापाचं नाव तेच पुढं लावायचे. इंग्रजांचं राज्य आल्यावर हळूहळू आडनावं कायमची झाली. दोघांच्या बापांची नावं एक होती, एवढंच. बाप निराळे, गावं निराळी.

मला एकदम सुचलं. "आबा, तुमच्या वडिलांचं आणि आपल्या सोसायटीच्या चेअरमनच्या वडिलांचं नाव एकच ना? मग तुम्ही दोघं भाऊ-भाऊ?"

"त्याचा आन् माझा काय संबंध!" आबा उसळले. तीन निवडणुकांत त्यानं आबांना पाडलंय. मग मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "असं हाय व्हय." टोपी काढून बाजूला ठेवली.

मग काय विचारता! बाईंनी आमचंही कूळ विचारलं आणि आबांना चेव चढला. ताठ बसून त्यांनी खापरपणजोबाच्याही वरपासून बाप-लेक, बाप-लेक अशी सगळी नावं पाठ म्हणून दाखवली. बाई लिहून घेत होत्या. शेवटी आबा म्हणाले, "कूळ असं तोंडावर पायजे."

बाईंनी मान वर केली आणि विचारलं, "आणि बायका?"

"बायका काय?"

लेक म्हणाला, "आबा, त्यांच्याकडं प्रत्येक आईचं माहेरचं नाव आहे. आपल्या घरातल्या आयांची माहेरची, पाळण्यातली नावं विचारतायत."

आबांनी माझ्याकडं बघितलं. मी काय सांगणार? आजेसासूबाईंचं सासरचं नावसुद्धा मी ऐकलेलं नाही. आमच्यात लग्न झालं की पोरीचं पाळण्यातलं नाव बदलायचं, ते संपलं. आबांना स्वतःच्या आईचं माहेरचं नाव आठवेना. ते बोटांनी टोपीची कड चाचपत राहिले. तिकडून बाई हळूच म्हणाल्या, मग निदान तुमच्या पत्नीचं?

जाऊबाई चहाचा ट्रे घेऊन दारातच उभ्या होत्या. आबांनी त्यांच्याकडं वळून बघितलं. "पत्रिकेत आसंल की," म्हणाले.

"दुष्काळातलं लगीन आपलं. पत्रिका कुठल्या आल्या!" जाऊबाईंनी ट्रे खाटेवर ठेवला. उभ्या जन्मात त्यांनी आबांना उलट बोललेलं मी ऐकलं नव्हतं. "माझं नाव बी ठाव न्हवतं, तरी नांदवलं ना मला? त्या पोरीचं तर आजी-पंजीपतुर समदं कळलं तुमाला. अजून काय इचारायचं ऱ्हायलंय तिला?"

आबा जमिनीकडं बघत होते. मग त्यांनी अगदी बारीक आवाजात विचारलं, "काय हुतं गं नाव?"

जाऊबाईंनी सांगितलं. मीही पहिल्यांदाच ऐकलं. आबांनी ते एकदा मोठ्यानं म्हणून बघितलं. मग मोबाईलकडं तोंड करून म्हणाले, "हे लिवा. आन् पोरीला म्हनावं, देवक आमी दोघं बसवनार हाय."

मला नाचावंसं वाटलं. पण जाऊबाई केव्हाच आत निघून गेल्या होत्या. मी मागोमाग गेले, तर त्या ओट्याला टेकून उभ्या, पदर डोळ्यांना लावलेला.

"अहो, रडताय काय, लग्न ठरलं की," मी म्हटलं.

"त्यापायी न्हाई गं," त्या म्हणाल्या. "माझी आई गेल्यापास्नं त्या नावानं कुनी बोलावलंच न्हवतं."